विसावे नाव

शुक्रवार, ११ ऑक्टोबर १९९६ रोजी सरकारी शाळेच्या पहिलीच्या वर्गात वीसपैकी वीस मुले हजर होती. हजेरीपट जपून ठेवलेला आहे आणि मागितला तर पाहायला मिळतो. त्या वर्षी असा दिवस आधी उगवला नव्हता आणि नंतरही उगवला नाही. विसाव्या ओळीत २ सप्टेंबरपासून सलग एकोणतीस गैरहजेऱ्या आहेत, मग एक हजेरी, मग पुन्हा गैरहजेऱ्या. तपासणीच्या टिंबाखेरीज सगळ्या खुणा एकाच शाईच्या, एकाच हातच्या. तो हात पहिलीच्या बाईंचा, आणि विसावे नाव बाईंच्या स्वतःच्या मुलीचे.

बाई तेव्हा चौतीस वर्षांच्या होत्या आणि अकरा वर्षे पहिलीलाच शिकवत होत्या. कुणी "आता वरचा वर्ग घ्या" म्हटले की त्या म्हणत, "वरच्या वर्गात मुलं शहाणी होऊन आलेली असतात. मला कोरी बरी." अंबाड्यात खडू खोचून ठेवण्याची त्यांना सवय होती. संध्याकाळी नवरा तो खडू अलगद काढून टेबलावर ठेवी आणि म्हणे, "शाळा सुटली." नवरा बसडेपोत होता. गाडी किती वाजता सुटली आणि किती वाजता पोचली, एवढे दिवसभर लिहायचे, हे त्याचे काम. बोलणेही तसेच, मोजके आणि वेळेवर.

बाईंच्या वर्गात एक नियम होता. ज्याचे चुकले त्याने उभे राहून "चुकलं माझं" म्हणायचे. कुणी हसायचे नाही, कुणी रागवायचे नाही, आणि मग तेच पुन्हा करून पाहायचे. फळ्यावर एखादे अक्षर वाकडे आले तर बाई स्वतःही मुलांकडे तोंड करून तसे म्हणत. पहिल्या महिन्यात मुलांना हे शब्द जड जात, दुसऱ्या महिन्यात ती ते इतक्या सहज म्हणू लागत की शेजारच्या वर्गाचे गुरुजी गमतीने विचारत, "बाई, तुमच्याकडे सगळ्यांचंच चुकतं का हो?" बाईंना स्वतःच्या कामातल्या फार थोड्या गोष्टींचा अभिमान होता. हा नियम त्यांतला पहिला.

शाळेचे दुखणे निराळे होते. दोन रस्ते ओलांडून पलीकडे खासगी शाळा निघाल्यापासून पट उतरणीला लागला होता. पहिलीत वीसपेक्षा कमी मुले भरली तर तुकडी बंद होणार, मुले दुसरीच्या खोलीत कोंबली जाणार आणि बाई जादा ठरून शहराच्या दुसऱ्या टोकाला जाणार, असे कार्यालयाने लेखी कळवले होते. म्हणून जुलैचे पहिले तीन आठवडे बाई खांद्याला पिशवी लावून उंबरे झिजवत होत्या.

शुक्रवार, १२ जुलै रोजी त्या मशीनताईंकडे गेल्या. ही तळमजल्यावरच्या एका खोलीत राहणारी शिवणकाम करणारी बाई. खिडकीला लावलेल्या मशीनमुळे सगळी गल्ली तिला मशीनताई म्हणे. एकटी होती. एका मोठ्या कपड्यांच्या दुकानासाठी ती नगावर गणवेश शिवून द्यायची. सहा वर्षांची मुलगी मशीनखाली बसून डब्यातली बटणे रंगांप्रमाणे वेगळी करत होती. तिचे नावच बटण पडले होते.

"बाई, मला फिरवून सांगू नका," मशीनताई पायडल न थांबवता म्हणाल्या. "तिकडं वर्गात चौदा पोरं. तुमच्याकडं किती?"

"वीस भरली तर वीस."

"भरली तर. आणि नाही भरली तर माझी पोर दुसरीवाल्यांच्या मांडीवर."

"म्हणून तर दारोदार फिरतेय ना, ताई."

"दुकानाचे मालक म्हणतात, तिकडं शब्द टाकतो, अर्ध्या फीत घेतील. असा शब्द रोज कोण टाकतं?" मशीनताईंनी दोरा दाताने तोडला. "तुम्ही भल्या आहात. पण भल्या माणसाचं ऐकून पोरगी बुडवायची नाही मला. एकच सांगा. तुमची कुठं घालणार?"

बाई म्हणाल्या, "इथंच. माझ्याच वर्गात. तुमच्या बटणशेजारी बसवीन."

मशीन थांबली. मशीनताईंनी हात पुसले आणि फॉर्म मागितला.

बाईंच्या मुलीचा खासगी शाळेतला अर्ज २० जूनचा आहे. म्हणजे हे बोलणे झाले तेव्हा तो अर्ज बावीस दिवसांचा जुना होता.

अर्ज नणंदेने आणला होता. तिची दोन्ही मुले तिकडेच शिकत. "वहिनी, भरून तर ठेवा," ती म्हणाली. "डॉक्टरच्या घरची माणसं काही त्याच्याच दवाखान्यात पडून राहत नाहीत." बाईंना ते लागले, पण त्यांनी अर्ज भरला, नुसते पाहायला, असे स्वतःला सांगत. मुलीला, भिंगरीला, तिकडे एक चित्र दाखवून विचारले की यात काय चाललंय. भिंगरीने चित्रातल्या कुत्र्याला नाव ठेवले, त्याचे भांडण कुणाशी झाले ते सांगितले आणि समोरच्या बाईंना विचारले, "तुम्हाला याची गोष्ट माहीत नव्हती का?" तिकडच्या बाई हसल्या. परत येताना भिंगरीच्या आईला रस्ता नेहमीपेक्षा रुंद वाटला.

तरीही १९ जुलैला, सरकारी शाळेची प्रवेश नोंदवही मिटायच्या दिवशी, बाईंनी विसाव्या ओळीत मुलीचे नाव लिहिले. ते त्यांनी फसवायला लिहिले, असे म्हणता येणार नाही. तिकडे निवड होईल असे त्यांना वाटत नव्हते. शंभरावर अर्ज होते. होणार नाही म्हणून वाईट वाटत होते आणि होणार नाही म्हणून सुटल्यासारखेही वाटत होते. नाव मात्र त्यांनी फार सुरेख लिहिले. त्या पानावरच्या इतर कुठल्याही नावापेक्षा ते जास्त घोटलेले दिसते.

सोमवार, २९ जुलैला खासगी शाळेच्या फाटकाशी यादी लागली. बाई गेल्या त्या नकार द्यायच्या तयारीने, शब्द जुळवून. फलकावर चौदा नावे होती. तिसरे भिंगरीचे. शेजारी उभ्या असलेल्या एका आईने यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली, आणि पदर तोंडाला न लावता, उघड्यावर रडू लागली. बाईंनी तिच्याकडे पाहिले. त्या क्षणी आपल्याला दया यायला हवी होती आणि आली ती ऐट, हे बाईंना तिथल्या तिथे कळले. कळूनही त्यांनी यादी आणखी दोनदा वाचली. जुळवलेले शब्द न बोलताच त्या घरी परतल्या.

"तुझी शाळा वाईट आहे का?" नवऱ्याने रात्रीच्या जेवणात विचारले.

"नाही."

"तू वाईट शिकवतेस?"

"नाही."

"मग?"

"तिला घरीही मी आणि शाळेतही मीच. ते बरं नसतं." हे कारण खोटे नव्हते. त्या वेळी हाताशी आलेले होते, एवढेच.

"हे तू एकोणीस घरी सांगितलंस का?"

बाईंनी पाण्याचा पेला उचलला आणि बराच वेळ पीत राहिल्या. नवऱ्याने पुढे विचारले नाही. तो गप्प बसण्यातही वेळेचा पक्का होता.

त्या शहरात शाळेचे वर्ष सप्टेंबरात सुरू होई; शाळा भरली. पहिल्याच आठवड्यात बाई मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या. "सर, पटावरचं एक नाव कमी करायचंय. विसावं."

मुख्याध्यापकांनी चष्मा कपाळावर चढवला. "मुलगी गाव सोडून गेली का?"

"माझीच मुलगी आहे सर. ती दुसरीकडं जाते."

"जाऊ दे की. ती गेली, नाव कुठं चालत गेलंय?" मग खुर्ची पुढे ओढून ते हळू म्हणाले, "हे बघा बाई. आज तुम्ही तांबडी रेघ मारलीत तर ती एका नावावर नाही, एकोणीस नावांवर बसेल. ऑक्टोबरात पटपडताळणी आहे. साहेब येतील, डोकी मोजतील, सही करतील. त्यानंतर लागेल तेवढ्या रेघा मारा."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी मुलीला आणा. आईची शाळा तिनं पाहिलेली नाही, हे तरी शोभतं का?"

बाईंना हसू आले आणि त्या हसल्या म्हणून गोष्ट ठरल्यासारखी झाली. एकोणीस मुलांसाठी आपण हे करतो, असे त्यांनी मनाशी धरले. ते खरेही होते. बदली टळून आपला रोजचा दोन तासांचा बसप्रवास वाचत होता, हेही खरे होते. यांतले कोणते जड, हे तोलायचे बाईंनी टाळले. मात्र त्या एकोणतीस दिवसांत त्यांनी एकदाही खोटी हजेरी मांडली नाही. रोज विसाव्या ओळीपाशी आल्या की गैरहजर लिहीत, आणि शेरा विचारला गेलाच तर "आजारी". पट खरा ठेवला म्हणजे आपण निम्म्याने तरी खरे राहिलो, अशी त्यांची समजूत होती. अकरा वर्षे पट भरणाऱ्या माणसालाच अशी समजूत होऊ शकते.

गणवेशाचा प्रश्न आदल्या दिवशी उठला. खासगी शाळेचा गणवेश निळा, सरकारी शाळेचा करडा. एका दिवसासाठी नवा शिवणे बाईंच्या जिवावर आले. गुरुवारी शाळा सुटल्यावर मशीनताई बटणला न्यायला फाटकाशी आल्या तेव्हा बाईंनी त्यांना बाजूला घेतले.

"ताई, बटणचा जादा फ्रॉक आहे ना? एक दिवस मिळेल? एका मुलीचा शिवून आलेला नाही, आणि उद्या साहेब येणार."

"बटणच्याच अंगाची आहे का?"

"साधारण तेवढीच."

मशीनताईंनी क्षणभर बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिले. "उंच असेल तर गुडघे दिसतील. खालची दुमड दोन बोटं सोडून देते."

तासाभरात फ्रॉक घरी आला, इस्त्री करून, कागदात गुंडाळून. सकाळी भिंगरीला घातला तेव्हा घेर बरोबर गुडघ्यावर येऊन थांबला. अंगावर बेतल्यासारखा. बाईंच्या हाताला तेव्हा काहीतरी जाणवले, पण घाई होती.

"शाळेत मला काय म्हणायचं?" त्यांनी वेणी घालता घालता विचारले.

"बाई."

"आणि कुणी विचारलं, इतके दिवस कुठं होतीस?"

"आजारी होते."

नवरा दूध ढवळत होता. "मग मलाही आजपासून साहेब म्हण," तो मुलीला म्हणाला. भिंगरी खुदकन हसली. नवरा हसला नाही. त्याने पेला तिच्यापुढे ठेवला, डबा उचलला आणि रोजच्यापेक्षा अकरा मिनिटे आधी डेपोला गेला. बाईंनी खासगी शाळेला चिठ्ठी लिहिली: मुलीचे पोट दुखत आहे. एका शाळेत एकोणतीस दिवस आजारी असलेली मुलगी त्या दिवशी बरी झाली आणि दुसऱ्या शाळेत त्याच दिवशी आजारी पडली.

साहेब साडेदहाला वर्गात आले. उंच, पडशाने बेजार, हातात रुमाल. त्यांनी पट घेतला आणि एकेक नाव वाचू लागले. मूल उभे राही, "हजर" म्हणे, साहेब टिंब देत. मुख्याध्यापक दाराशी हात मागे बांधून उभे होते. विसावे नाव आले. भिंगरी शेवटच्या बाकावरून उठली आणि आईकडे बघून स्वच्छ आवाजात म्हणाली, "हजर, बाई." जन्मभर बाईच म्हणत आल्यासारखी.

साहेबांचे बोट ओळीवरून मागे मागे गेले. "बरीच आजारी होतीस की गं."

"हो."

"आता बरं आहे?"

"हो."

साहेब टिंब देणार, एवढ्यात तिसऱ्या बाकावरची बटण उभी राहिली. तिला कुणी विचारले नव्हते. ती मागे वळून भिंगरीकडे बघत होती. "बाई, हा माझा फ्रॉक आहे. खिशावर माझ्या आईची टीप आहे."

साहेब रुमालाआडून हसले. "मैत्रीण आहे वाटतं तुझी. मैत्रिणीला देतात फ्रॉक."

"नाही," बटण म्हणाली. "मी हिला ओळखत नाही."

मुख्याध्यापकांनी खोकल्यासारखे केले. साहेबांचे पेन पटावर टेकायचे थांबले. सहा आठवड्यांत ही मुलगी एकदाही वर्गात आलेली नाही, हे पटावर लिहिलेलेच होते; आता तेच एक मूल बोलून दाखवत होते. उत्तर सुचले ते भिंगरीला. "ओळखते ती," ती शांतपणे म्हणाली. "मी मागं बसते ना, म्हणून विसरली." हे तिला कुणी शिकवले नव्हते.

आता बटणने बाईंकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत भांडण नव्हते. या खोलीत दोघांचे दोन झाले की खरे कुणाचे ते बाई सांगतात, एवढेच तिला माहीत होते, आणि ती वाट पाहत होती.

"बस खाली, बटण," बाई म्हणाल्या. "विसरली असशील."

बटण लगेच बसली नाही. तिने एकदा भिंगरीकडे पाहिले, एकदा बाकाकडे, कपाळाला आठी घालून खरोखरच आठवायचा प्रयत्न केला. मग हात सरळ करून, वर्गात शिकवले होते तसे, म्हणाली, "चुकलं माझं, बाई." आणि बसली.

साहेबांनी टिंब दिले. खाली सही केली. बाहेर पडताना ते मुख्याध्यापकांना म्हणाले, "मुलांना वळण चांगलं आहे." बाईंनी फळ्याकडे तोंड केले. अंबाड्यातला खडू काढायला हात वर गेला आणि तिथेच राहिला. मुले वाट पाहून आपापसांत बोलू लागली.

संध्याकाळी त्या फ्रॉक परत द्यायला गेल्या, भिंगरीला घरी ठेवून. वाटेत त्यांनी ठरवले होते की सगळे सांगायचे. दारात उभे राहूनच त्या म्हणाल्या, "ताई, तो फ्रॉक ज्या मुलीसाठी नेला..."

"तुमची पोरगी. या, बसा." मशीनताईंनी खुर्चीवरचे कपडे उचलले. "मला ऑगस्टपासून माहीत आहे. तिकडचे निळे गणवेश मीच शिवते. कॉलरच्या आत नावाची पट्टी लावायची असते. दुकानातून चिठ्ठ्या आल्या, त्यात तुमचं आडनाव, खाली माप. गुडघ्यापर्यंतची लांबी बटणपेक्षा दोन बोटं जास्त."

बाई बसल्या नाहीत. "तुम्ही काही बोलला नाहीत."

"काय बोलायचं? गेले होते एकदा मालकांकडं. म्हणाले, जागा भरली, आता पुढच्या वर्षी बघू." त्यांनी फ्रॉक उलटा करून दुमड तपासली. "दोन दिवस जळले मी. मग बटण घरी येऊन वाचायला लागली. साबणाच्या कागदावरचं, दिव्याच्या बिलावरचं, दिसेल ते. म्हटलं, ही बाई शब्दाची कच्ची आहे, पण शिकवते पक्कं. ठेवली. तुमच्या शब्दावर नाही ठेवली."

रागावल्या असत्या तर सोसले असते, असे बाईंना वाटले. त्या म्हणाल्या, "आणि तरी काल फ्रॉक दिलात."

"वर्ग मोडला असता तर माझी कुठं गेली असती? ते मी माझ्यासाठी केलं. त्याचं ओझं तुम्ही घेऊ नका." मग मशीनताईंचा आवाज बदलला. आतल्या पडद्याकडे बघून त्यांनी तो खाली आणला. "पण शाळेतून आल्यापासून पोर एकच विचारतेय. आई, मी कशी विसरले? वर्गातली सगळी नावं म्हणून दाखवते, एकोणीस, आणि विसाव्याला अडते. म्हणते, माझ्या डोक्याला काही झालंय का? बाई, तुम्ही मला खोटं सांगितलंत, मी मोठी आहे, मी बघून घेते. तिला खोटं ठरवायचं कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"साहेब समोर होते."

"साहेब गेले ना आता?"

"मी तिला सांगते. आत्ता सांगते." बाई पडद्याकडे वळल्या.

"इथं नाही." मशीनताई मधे उभ्या राहिल्या. "इथं सांगाल तर ती म्हणेल, बाई प्रेमानं बोलल्या. जिथं बसवलंत तिथं उभी करा. सोमवारी, वर्गात, सगळ्यांपुढं."

सगळ्यांपुढे म्हणजे काय, हे बाईंना सांगावे लागत नव्हते. सहा वर्षांच्या मुलांपुढे सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत अठरा घरी पोचते. त्यांनी जुलैत झिजवलेले तेच अठरा उंबरे. तिथून कार्यालयात पोचायला फार तर आठवडा. साहेबांची सही, मुख्याध्यापकांची नोकरी, तुकडी, सगळे त्या एका वाक्याला लटकलेले. शनिवार-रविवार त्यांनी ते वाक्य मनात लिहिले आणि खोडले. रविवारी दुपारी नवरा म्हणाला, "काय ते एकदा सांगून टाक. उशिरा का होईना, गाडी पोचली असं लिहिता येतं." बाई म्हणाल्या, "माणसं भरलेली असतात रे गाडीत." तो "हो," म्हणाला आणि मुलीचे बूट पुसायला बसला. निळ्या गणवेशाबरोबरचे.

सोमवार, १४ ऑक्टोबरला हजेरी झाल्यावर बाईंनी पट मिटला आणि वर्गापुढे उभ्या राहिल्या. "शुक्रवारी कुणाचं चुकलं होतं?"

बटणने हात वर केला.

"नाही. खाली कर हात. माझं चुकलं." बाईंनी ते नीट, नियमाप्रमाणे म्हटले. "चुकलं माझं. तो फ्रॉक बटणचाच होता. ती खरं बोलत होती आणि मी तिला खाली बसवलं."

कुणी हसले नाही. मुलांना यात काही विशेष वाटले नाही. बाईंचे अक्षरही कधी कधी वाकडे येत असे. बटणचा चेहरा उजळला. बाईंना वाटले, झाले. जेवढे जमायचे होते तेवढे जमले.

पण बटण उभीच होती. ती गोष्ट शेवटपर्यंत नेणारी मुलगी होती. "आणि ती, बाई? तिला मी ओळखत होते का?"

उत्तर दोन अक्षरांचे होते. ते दिले असते तर पुढचा प्रश्न आला असता, मग ती कोण. वर्गातली अठरा तोंडे बाईंकडे वळलेली होती. दाराबाहेरून मुख्याध्यापकांच्या बुटांचा आवाज आला आणि गेला. बाई म्हणाल्या, "पुस्तकं काढा," आणि फळ्याकडे वळून तारीख लिहू लागल्या. तारीख लिहून झाली तेव्हाही त्यांनी मागे वळून पाहिले नाही. वार लिहिला, मग तारखेखाली रेघ ओढली, मग ती रेघ पुन्हा ओढली. पाठीमागे बाकाचा आवाज झाला. बटण बसली होती.

पुढचे कागदांवरून असे दिसते. ३१ ऑक्टोबरला विसाव्या नावावर तांबडी रेघ आली. कारणाच्या रकान्यात "पालकांची विनंती". विनंतीचा अर्ज आणि त्याखालची वर्गशिक्षिकेची शिफारस एकाच हस्ताक्षरात आहेत. पडताळणी झालेली असल्याने तुकडी त्या वर्षी मोडली नाही. पुढच्या जुलैत बाईंनी घरोघर जायचे काम दुसऱ्या कुणाकडे द्यावे असा अर्ज केला; तो नामंजूर झाला. त्या गेल्या, पण मुलांचे काय करावे हे कुणाला सांगेनाशा झाल्या. वर्गात किती मुले असतील आणि काय शिकवले जाईल एवढे सांगून फॉर्म ठेवून येत. त्या जुलैत चौदा फॉर्म आले. तुकडी बंद झाली आणि बाईंची बदली शहराच्या दुसऱ्या टोकाला झाली. बटण चौथीपर्यंत त्याच शाळेत होती. भिंगरीने आईला घरात पुन्हा कधी बाई म्हटले नाही. म्हणेल की काय, ही धास्ती मात्र बाईंना कितीतरी दिवस होती.

साहेबांनी टिंब दिले तेव्हा त्यांना काय दिसले होते, हे माहीत नाही. त्यांच्या अहवालात या वर्गाविषयी एकच शब्द आहे, "पूर्ण". मुख्याध्यापकांनी सोमवारचे बोलणे ऐकले होते की नाही, हेही माहीत नाही. बटणने तो प्रश्न त्या दिवशी घरी नेला का, आणि नेला असल्यास मशीनताईंनी तिला काय उत्तर दिले, याविषयी काहीही कळलेले नाही.